बीएसएनएल आणि व्होडाफोन-आयडिया : सरकारने तारलेल्या दोन सिमांचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखच्या बाजारात माझं मोबाइल रिचार्ज आणि दुरुस्तीचं दुकान आहे. चारही कंपन्यांची सिमकार्डं विकतो, चौघांचंही कमिशन मिळतं, त्यामुळे एकाला चढवून दुसऱ्याला पाडण्यात माझा काही फायदा नाही. इथे लिहितोय ते बीएसएनएल आणि व्होडाफोन-आयडिया या दोन सिमांविषयी. दोन्ही माझ्या स्वतःच्या फोनमध्ये आहेत आणि रोजच्या वापरातली आहेत. दोन्ही कंपन्या आज चालू आहेत त्या सरकारने हात दिला म्हणून. रेंज, रिचार्ज, नेट याबद्दल सांगतोच. पण या सिमांची आणखी एक किंमत आहे, जी माझ्या गल्ल्यात येत नाही. ती तुमच्या-माझ्या करातून जाते. ती धरल्याशिवाय ही सिमं स्वस्त की महाग हे ठरवता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी बीएसएनएल.

देवरूख गावात कुठलंही सिम चालतं. खरी परीक्षा मार्लेश्वरच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत. दोन डोंगरांच्या बेचक्यात थोडीशी घरं, त्यातली बरीचशी फक्त गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी. अशा ठिकाणी टॉवर उभा केला तर विजेचं बिल आणि जनरेटरचं डिझेल सुटेल एवढंही रिचार्ज होत नाही. खासगी कंपनी हिशेब मांडते आणि ती वाडी सोडून देते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही, ती धंदा करायला बसली आहे. पण त्या वाडीतल्या माणसाला फोन लावायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढून जावं लागायचं. पावसाळ्यातल्या रात्री घरात कुणी आजारी असताना सडा चढणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २४,६८० गावांत फोर-जी पोचवायची योजना मंजूर केली. खर्च २६,३१६ कोटी रुपये, आणि काम दिलं बीएसएनएलला. आमच्या बाजूला बीएसएनएलचे नवे टॉवर उभे राहताना मी पाहिले आहेत. आता त्या वाड्यांतली म्हातारी माणसं पडवीत बसून डोंबिवलीच्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. गणपतीला आलेले चाकरमानी गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्याकडे येतात आणि विचारतात, "दादा, आमच्या वाडीत काय चालतं?" वाडीचं नाव ऐकलं की बऱ्याच वेळा मी पुढचं न विचारता बीएसएनएलचं सिम काढतो. दहा दिवस घरून काम करायची परवानगी घेऊन आलेली मुलं असतात, त्यांचं काम त्यावर निभावतं.

रिचार्जच्या बाबतीत तर हे सिम गरिबाचा आधार आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. एकीकडे १७९ चं रिचार्ज १९९ वर गेलं, दुसरीकडे २३९ चं २९९ वर. शहरात पगारदार माणसाला साठ रुपये कळत नाहीत. काजूच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या बाईला ते नक्की कळतात, कारण तिच्या घरात तीन फोन असतात आणि दर अठ्ठावीस दिवसांनी तिन्ही संपतात. त्या महिन्यात माझ्या काउंटरवर पोर्ट करायला रांग लागली होती. देशभर तेच चित्र होतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीत एकट्या जुलैत बीएसएनएलकडे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले आणि बाकी तिघांचे कमी झाले. बीएसएनएल त्या वेळी जिवंत नसती तर या लोकांनी कुठे जायचं होतं? तिघांचे दर साधारण सारखेच. स्वस्त पर्याय हा एकच उरला होता, आणि तो उरला होता सरकारने वाचवल्यामुळे. इंटरनेटवर "पांढरा हत्ती पोसता कशाला" असं लिहिणाऱ्यांनी त्या जुलैत एखाद्या तालुक्याच्या दुकानात दिवसभर बसायला हवं होतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण इथे फक्त कौतुक लिहिलं तर माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ज्या पोराला दिवसभर रील्स बघायच्या आहेत, गेम खेळायचा आहे आणि जो देवरूख बाजारपेठेतच राहतो, त्याला मी हे सिम देत नाही. खासगी कंपन्यांची फाइव्ह-जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. बीएसएनएलने स्वदेशी फोर-जीचं देशव्यापी उद्घाटन केलं २७ सप्टेंबर २०२५ ला, ओडिशातल्या झारसुगुडा इथे, पंतप्रधानांच्या हस्ते. जिओची फोर-जी आली होती सप्टेंबर २०१६ मध्ये. म्हणजे नऊ वर्षांचं अंतर. या धंद्यात नऊ वर्षं म्हणजे शाळेतलं पोर कमावतं होण्याइतका काळ. तेवढ्यात ज्यांनी दुसरं सिम घेतलं ते परत यायला कसे तयार होतील?

हा उशीर का झाला हे समजून घेतलं पाहिजे, कारण वाचवायचं की नाही या वादाचं मूळ तिथेच आहे. २००४-०५ मध्ये हीच कंपनी दहा हजार कोटींहून जास्त नफ्यात होती. पुढच्या काही वर्षांत टॉवर वाढवायच्या मोठमोठ्या निविदा निघाल्या आणि वादात अडकल्या. नऊ कोटी तीस लाख लाइनांची एक प्रचंड निविदा तर २०१० मध्ये रद्दच झाली. त्याच वर्षी थ्री-जी आणि ब्रॉडबँडच्या लहरींसाठी, म्हणजे स्पेक्ट्रमसाठी, लिलावात लागलेल्या भावाने सुमारे १८,५०० कोटी रुपये कंपनीकडून घेतले गेले. गंगाजळी गेली, टॉवर वाढले नाहीत, आणि २००९-१० पासून तोटा सुरू झाला. २०१८-१९ पर्यंत अशी अवस्था की मिळकतीच्या शंभर रुपयांतले पंचाहत्तर पगारावरच जात. २०२० मध्ये पुन्हा एक फोर-जीची निविदा निघाली, तीही रद्द झाली, कारण यंत्रसामग्री भारतीयच हवी असं ठरलं. मग सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था आणि तेजस, टीसीएस या भारतीय कंपन्या यांनी मिळून सगळी व्यवस्था इथेच घडवली.

आपल्याच देशात घडलेलं तंत्रज्ञान वापरायचं हे मला मनापासून पटतं. आज जगात मोजक्याच देशांकडे स्वतःची अशी यंत्रणा आहे आणि त्यात आपण आहोत, याचा मला अभिमान आहे. पण ती घडेपर्यंत ज्यांना थांबावं लागलं ते बीएसएनएलचे ग्राहक होते, आणि ते बहुतेक खेड्यातले. देशाच्या शिक्षणाची फी त्यांनी भरली. मग आता त्यांच्यासाठी देशाने पैसे घातले तर त्याला मी उपकार म्हणणार नाही. कंपनी बुडवण्यात मोठा वाटा ज्याचा, त्या मालकाने म्हणजे सरकारने ती सावरायलाच हवी होती.

आता ती न छापलेली किंमत. सरकारने तीन वेळा मोठं पॅकेज दिलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुमारे ६९,००० कोटी, जुलै २०२२ मध्ये १.६४ लाख कोटी, जून २०२३ मध्ये ८९,०४७ कोटी. एकूण ३.२२ लाख कोटी. एकशेचाळीस कोटी लोकांत वाटलं तर माणशी २,३०० रुपये. पाच माणसांच्या घरामागे साडेअकरा हजार. ते घर बीएसएनएल वापरत असो वा नसो.

हा आकडा ऐकून माझ्याच दुकानात एका गुरुजींनी डोक्याला हात लावला होता. पण तो नीट उघडून बघावा लागतो. २०२२ च्या पॅकेजमध्ये रोख मदत होती ४३,९६४ कोटींची, उरलेले १.२ लाख कोटी रोख नव्हते. त्यातला मोठा भाग लहरींचा: त्या सरकारच्याच मालकीच्या, सरकारी कंपनीला दिल्या आणि बदल्यात सरकारच्या नावे शेअर लिहिले. २०२३ चे ८९,०४७ कोटी तर सगळेच असे. हे या खिशातलं त्या खिशात घालणं आहे. अर्थात त्या लहरी लिलावात विकून पैसे मिळाले असते हेही खरं, त्यामुळे फुकट काहीच गेलं नाही असं म्हणता येत नाही. पण तिजोरीतून तेवढ्या नोटा बाहेर काढल्या, असंही ते नाही.

जो पैसा खरोखर गेला, त्यातला मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीत गेला. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलमधून साडेअठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसं निवृत्त झाली. आमच्या एक्स्चेंजमधले लाइनमन काका त्यातलेच. कुठल्या खांबावरून कुणाच्या घराची तार गेली आहे हे त्यांना पाठ होतं, आणि वादळात कोसळलेल्या फणसाच्या फांद्या स्वतः तोडून ते लाइन चालू करायचे. आता फायबर जोडायचं काम स्थानिक भागीदाराची मुलं करतात. माझ्या दुकानात बीएसएनएलचंच फायबर आहे आणि दिवसभराची आधारची कामं, दाखले, तिकिटं त्यावर चालतात. मुलं कष्टाळू आहेत, हाक मारली की येतात. तरी काकांसारख्या माणसांनी तीस-तीस वर्षं सांभाळलेली कंपनी त्यांच्या पगारामुळे बुडाली, असं कुणी म्हटलं की मला ते सोसत नाही. निविदा अडवल्या त्या लाइनमननी नव्हे.

पैसे घालून काय मिळालं? २०१९-२० मध्ये तोटा साडेपंधरा हजार कोटींच्या आसपास होता. २०२४-२५ मध्ये तो सुमारे २,२४७ कोटींवर आला, आणि त्याच वर्षातल्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत २६२ कोटींचा नफा झाला, सतरा वर्षांत पहिल्यांदा. अजून पूर्ण सुटका झालेली नाही, पण गाडी योग्य दिशेला वळली आहे. एक गोष्ट मात्र खटकते. ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या ग्राहकांना एक रुपयात महिनाभराचं सिम द्यायची योजना आली. माझ्याकडे झुंबड उडाली. पण करदात्याच्या पैशावर उभ्या असलेल्या कंपनीने एक रुपयात सिम वाटायचं का? त्या गर्दीतले किती जण महिना संपल्यावर परत आले हे माझं काउंटर सांगतं: थोडे. त्याऐवजी वर्षानुवर्षं टिकलेल्या जुन्या ग्राहकाला काही सवलत दिली असती तर मला जास्त आवडलं असतं.

आता व्होडाफोन-आयडिया. आमच्याकडे अजून लोक आयडियाच म्हणतात. महाराष्ट्रात, मुंबई सोडून, आयडियाचं बस्तान फार जुनं. कितीतरी घरांतला पहिला मोबाइल नंबर त्यांचाच. माझा बँकेला जोडलेला नंबरही याच कंपनीचा आणि सगळे ओटीपी त्यावर येतात. नेटच्या काही मोठ्या पॅकवर रात्री डेटा मोकळा असतो आणि आठवड्यात न वापरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. रात्री अभ्यास करणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो. फाइव्ह-जी त्यांनी मुंबईत मार्च २०२५ मध्ये सुरू केली. आमच्यासारख्या तालुक्याला मात्र आजच्या घडीला यात फोर-जी धरूनच चालावं.

या कंपनीच्या बाबतीत सरकारने काय केलं ते फार थोड्या ग्राहकांना माहीत आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या तेव्हा चाळीस कोटी ग्राहक होते. आज साधारण निम्मे उरले. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाचा एजीआरचा निकाल लागला. कंपनीच्या मिळकतीत काय काय धरून सरकारचा वाटा काढायचा याचा तो जुना वाद, आणि निकाल सरकारच्या बाजूने गेला. या एका कंपनीच्या डोक्यावर अठ्ठावन्न हजार कोटींहून जास्त देणं आलं. जून २०२१ मध्ये कुमारमंगलम बिर्लांनी केंद्राला पत्र लिहून आपला हिस्सा सरकारला किंवा सरकार म्हणेल त्याला सोपवायची तयारी दाखवली, आणि पुढे अध्यक्षपद सोडलं. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने चार वर्षं देणी थांबवायची सवलत दिली. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या व्याजाचे शेअर करून घेतले, आणि २०२५ च्या वसंतात लहरींच्या आणखी ३६,९५० कोटींच्या थकबाकीचे. दोन्ही मिळून ५३ हजार कोटींच्या वर. आज या कंपनीत सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्के आहे. एकावन्न नाही, पन्नासही नाही, म्हणजे सरकारी कंपनी नाही. सगळ्यात मोठा भागीदार सरकार, आणि कारभार जुन्या मालकांचा.

यातली एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. हे शेअर सरकारने दहा रुपयांना घेतले, कारण दर्शनी किमतीच्या खाली ते देता येत नाहीत. बाजारात तेव्हा भाव होता सात रुपयांच्या आसपास. माझ्याकडे एखादा गिऱ्हाईक उधारी फेडायला म्हणून सातशेचा फोन हजार रुपये धरून देऊ लागला तर मी घेईन का? घेतलाच तर अट घालीन: उरलेली उधारी अमुक तारखेला, आणि तोवर दुकानातून नवा माल नाही. सरकारने इथे अशी कुठली अट घातली, किती गावांत किती महिन्यांत टॉवर सुधारायचे, ग्राहक घटले तर जबाबदार कोण, हे तुमच्या-माझ्यासारख्या करदात्याला सहज कळेल असं कुठे मांडलेलं मला सापडलं नाही. वाडीतल्या टॉवरांची योजना निदान गावं मोजून तरी केलेली होती.

न्यायाने बोलायचं तर यात मालकांनी हात झटकले असंही नाही. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने बाजारातून १८,००० कोटी उभे केले, बिर्ला समूहानेही स्वतःचे पैसे घातले. आणि सरकारने तिजोरीतून रोख काढून दिली नाही, स्वतःची येणी सोडून शेअर घेतले. कंपनीवरची एजीआरची येणी तर मुळात सरकारनेच लावलेल्या व्याख्येतून आली होती, त्यावर व्याज, दंड आणि दंडावर व्याज. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला त्या थकबाकीचा पुनर्विचार करायची मुभा दिली. म्हणून कंपनीला वाचवण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो बिनअटी वाचवण्याला.

कुणी म्हणेल, धंदा आहे, बुडाला तर बुडाला, सरकारने का पडायचं मध्ये? याचं माझं उत्तर मी दुकानातूनच शिकलो. आपल्या औरंगाबादची व्हिडिओकॉन बघा. २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. चौसष्ट हजार कोटींच्या आसपासच्या दाव्यांवर बोली आली तीन हजार कोटींहून कमी, म्हणजे शंभराला पाच रुपयेसुद्धा नाहीत. बँकांचं नुकसान झालं, कामगारांचं आणि सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांचं तर फार वाईट झालं. पण लोकांच्या घरातला व्हिडिओकॉनचा टीव्ही त्या दिवशी बंद पडला नाही. आजही माझ्याकडे दुरुस्तीला येतो. सिमचं तसं नाही. कंपनी बंद झाली की त्याच रात्री हातातला फोन मुका होतो. नंबर बँकेला, आधारला, गॅसला, पोराच्या शाळेला जोडलेला असतो. एअरसेल गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सचे कॉल २०१७ च्या अखेरीला थांबले, टाटा डोकोमो एअरटेलमध्ये गेली. त्या काळात माझ्याकडे आलेली माणसं आठवतात. मुंबईहून मनिऑर्डरच्या जागी आता खात्यात पैसे येतात, पण मेसेज ज्या नंबरवर यायचा तो नंबरच गेलेला. बँकेत नंबर बदलायला तालुक्याला दोन-दोन खेपा.

माझंही अडकलं होतं. एका बंद पडलेल्या कंपनीच्या लापू सिममध्ये, म्हणजे दुकानदार ज्यातून रिचार्ज मारतो त्यात, मी आगाऊ भरलेली रक्कम तशीच राहिली. नाव घेत नाही. वितरकाने वर विचारा म्हटलं, वरचे म्हणाले दावा दाखल करा. दिवाळखोरी संहितेत पैसे वाटपाचा क्रम ठरलेला आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची ठरावीक देणी, आणि पुरवठादार, दुकानदार पार खाली. तिथपर्यंत काही उरतच नाही. मोबाइल कंपनी बुडते तेव्हा सगळ्यात खालचा माणूस सगळ्यात जास्त बुडतो, हे त्या वेळी कळलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: टीव्ही, फोन, सॉफ्टवेअर विकणारी कंपनी बुडत असेल तर सरकारने कामगारांची देणी बघावीत, पण कंपनी बुडू द्यावी. ज्या कंपनीच्या तारेवर लोकांचं रोजचं जगणं लटकलं आहे, तिची सेवा मात्र एक दिवसही थांबू देऊ नये. सेवा वाचवायची, मालकाची खुर्ची वाचवायची गरज नाही.

हे करता येतं याचा पुरावा आपल्याकडेच आहे. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातला घोटाळा कबूल केला. दोनच दिवसांत सरकारने जुनं संचालक मंडळ बरखास्त केलं आणि लगोलग दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारखी माणसं बसवली. सरकारी तिजोरीतून कंपनीत पैसे ओतले नाहीत. एप्रिलमध्ये लिलाव झाला आणि पुण्याच्या टेक महिंद्राने ती घेतली. हजारो तरुणांच्या नोकऱ्या राहिल्या, जगभरच्या गिऱ्हाइकांचं काम चालू राहिलं, आणि घोटाळा करणारे बाहेर गेले. व्होडाफोन-आयडियात घोटाळा नव्हता, तिथे देणं होतं, हे मला समजतं. पण नवी माणसं, ठरलेली मुदत, आणि शेवटी कुणीतरी खरा धनी, हे तिथेही करता आलं असतं.

उलट उदाहरण एमटीएनएलचं. मुंबई आणि दिल्लीची ही सरकारी कंपनी १९८६ पासूनची. दादरच्या माझ्या मावशीकडे ट्रंक कॉल लावायला आम्ही पोस्टात रांग लावायचो, तेव्हा तिच्या घरात एमटीएनएलचा काळा फोन होता. पॅकेजात तीही होती, स्वेच्छानिवृत्ती तिथेही झाली, तरी कर्जाचा डोंगर चौतीस हजार कोटींच्या पलीकडे गेला आणि सरकारी बँकांचे हप्ते थकले. जानेवारी २०२५ पासून तिची सेवा बीएसएनएल चालवते. ज्या बँकांचे हप्ते थकले, त्यांत आमच्या गावातल्या लोकांच्या ठेवी आहेत. अर्धवट वाचवणं हे असं महाग पडतं. तिला बीएसएनएलमध्ये दहा वर्षांपूर्वीच मिसळायला हवं होतं.

गुण द्यायचेच तर: वाडीत राहणाऱ्यासाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि कमी पैशांत नंबर चालू ठेवायचा आहे अशांसाठी बीएसएनएलला पाचपैकी चार. शहरात नेट भरपूर वापरणाऱ्यासाठी अडीच. व्होडाफोन-आयडियाला जुना नंबर सांभाळण्यासाठी तीन. सरकारच्या कामगिरीला बीएसएनएलच्या बाबतीत साडेतीन, तेही उशिराचे गुण कापून. व्होडाफोन-आयडियाच्या बाबतीत दोन.

घ्यायचं असेल तर थोडं कामाचं. पोर्ट करायचं तर आताच्या कंपनीत नव्वद दिवस पूर्ण झालेले हवेत. १९०० वर मेसेज पाठवून कोड घ्या, आधार घेऊन या, जुनं सिम चालू असेपर्यंत फेकू नका. बीएसएनएलच्या फोर-जीत ७०० मेगाहर्ट्झची लहर आहे, डोंगरात आणि घरात आतपर्यंत पोचते ती हीच. पण ती पकडायला फोनमध्ये बँड २८ लागतो आणि जुन्या स्वस्त हँडसेटमध्ये तो बऱ्याचदा नसतो. तेव्हा सिम घेण्याआधी फोन घेऊन या. मी मॉडेल बघून सांगतो, आणि बँड नसेल तर सिम देत नाही.